भागवतची कच्ची फाईल

भागवतच्या फोटो स्टुडिओची आणि माझ्या पार्लरची भिंत एकच. तिकडून त्याच्या प्रिंटरची घरघर इकडे ऐकू येते आणि इकडून माझ्या गिऱ्हाइकांच्या गप्पा तिकडे. "सारिकाताई चेहरे झाकतात, मी चेहरे दाखवतो," असं तो डोणगावच्या स्टँडवर चहा पिताना चारचौघांत म्हणायचा आणि वर हसायचा. मी काय गप्प बसते? "तू दाखवलेलं तोंड पाहूनच बाया झाकायले माह्याकडं येतात," म्हणायची. मग तो आणखी हसायचा. हे तो हसत होता तेव्हाचं आहे.

हल्ली लोक मला विचारतात, ताई, त्या भागवतच्या बहिणीचं काय हो, खरंच काही होतं का? विचारताना आवाज असा खाली आणतात, जणू मी त्यांना काही चोरीचं विकणार आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकते. प्रेरणाच्या चेहऱ्यावर, भुवयांपासून हनुवटीपर्यंत, माझी बोटं कितीदा तरी फिरली आहेत. काही नव्हतं. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथेच थांबावं.

भागवत अंगाने काटकुळा, चालताना एक खांदा खाली. कॅमेऱ्याची बॅग वर्षानुवर्षं त्याच खांद्याला. बाप गेला तेव्हा तो कॉलेजात होता. शिक्षण सोडलं आणि मेहकरच्या एका फोटोग्राफरकडे लग्नात लाईट धरायला लागला. लाईट धरता धरता कॅमेरा धरायला शिकला. मग कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला आणि इथे दुकान टाकलं. दुकानाच्या मागे घर, मधे एक पडदा. पडद्यामागे आई कौशल्याकाकू आणि त्याच्याहून बरीच लहान बहीण प्रेरणा.

धंदा शिकला, पण धंद्याची अक्कल काही त्याला आली नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

आमच्याकडे लग्नाचे फोटो कसे होतात ते सांगते. फोटोग्राफर धडाधड काढत सुटतो आणि कॅमेरा आतल्या आत प्रत्येक फोटो धुऊन-पुसून, पावडर लावून तयार करून देतो. त्याला जेपीजी म्हणतात. नवरी सासरी पोचायच्या आत ते फोटो मावशीच्या स्टेटसला लागलेले असतात. दुसरा प्रकार रॉ. स्टँडवरचे लोक तिला कच्ची फाईल म्हणतात. कॅमेऱ्याने जे पाहिलं ते तसंच, न धुतलेलं. ती जागा खाते, वेळ खाते, एकेक फोटो कॉम्प्युटरवर बसून हाताने तयार करावा लागतो. शहाणा फोटोग्राफर तिच्या नादी लागत नाही. आमचा भागवत तिच्यासाठी जीव टाकायचा.

त्यात अंधाराची भानगड वेगळी. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची नजर ताणावी लागते, त्याला ते आयएसओ वाढवणं म्हणतात. भोंग्याचा आवाज पार वर नेला की गाण्यासोबत खरखर येते ना, तशी फोटोतही येते. फरक एवढाच की ती डोळ्यांना दिसते. लाल, हिरवे, जांभळे ठिपके, कधी नुसते चट्टेच. जिथे सावली जास्त तिथे चट्टे जास्त. याला तो नॉईज म्हणायचा. जेपीजी करताना कॅमेरा हे सगळं पुसून टाकतो, आणि पुसता पुसता माणसाच्या सुरकुत्या, तीळ, मिशीचे केससुद्धा थोडे पुसून नेतो. चेहरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. लोकांना तोच पाहिजे असतो.

कच्ची फाईल उघडली की कॉम्प्युटरही ते ठिपके आपणहून थोडेफार झाकतो. भागवतने ते झाकणं बंद करून ठेवलं होतं. काटा शून्यावर. का रे बाबा, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाला, "पुसाचं का नाई, किती पुसाचं, ते मी ठरवीन. मशीन कोन होते ठरवनारी?" असा त्याचा ताठा.

एका नवरदेवाच्या बापाने पोरगा गोरा करून मागितला. भागवत म्हणाला, "पोट्टं दिवसभर वावरात असते. काळं नाई तं काय निळं दिसन?" ते पुढचं लग्न घेऊन मेहकरला गेले. असे कितीतरी गेले. मी म्हणायची, अरे लावून दे थोडी पावडर, तुझ्या बापाचं काय जातं? तो मान हलवायचा. त्याला वाटायचं, खरं दाखवलं की माणसाचं भलंच होतं. कुणी शिकवलं होतं हे त्याला, देव जाणे.

पण एक गोष्ट त्याच्या खात्यावर मोठी होती. शेजारच्या गणेशचे वडील अचानक गेले आणि त्यांचा फोटोच सापडेना. भागवतने जुन्या एका लग्नाची कच्ची फाईल काढली. मांडवाच्या पार कोपऱ्यात, काळ्याकुट्ट अंधारात, म्हातारा पंगतीला बसलेला. नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नव्हतं. भागवतने बसून बसून त्या अंधारातून त्यांचा चेहरा वर आणला, ठिपके हाताने निवडून काढले, आणि गणेशच्या घरी तो फोटो लागला. गावात बोलबाला झाला की भागवत अंधारातून माणूस काढतो. तेव्हापासून त्याचं एक वाक्य ठरलेलं. गिऱ्हाइकाला, चहावाल्याला, लग्नातल्या पाहुण्यांना, सगळ्यांना ते ऐकवायचा. "डोयाले दिसत नाई ते बी कॅमेऱ्याले दिसते. कच्च्या फाईलीत सारं असते."

आता प्रेरणा.

पोरगी हसायची ती स्टँडवरच्या कंडक्टरला ऐकू जाईल अशी. गावातल्याच एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवायची. नवीन लेन्स आली की भागवत आधी तिला उभं करायचा. उन्हात, सावलीत, केस विंचरलेली, न विंचरलेली, तोंडात घास असलेली. ती कधी नाही म्हणाली नाही. सगळ्या गावाला कॅमेऱ्यासमोर उभं राहताना मान ताठ होते, हिची होत नसे. दादाच्या हातात कॅमेरा म्हणजे तिला घरातलं भांडं असल्यासारखं. बाप गेल्यावर तिला त्यानेच वाढवलं, आणि तिचं लग्न नीट व्हावं याच्यापलीकडे त्याला स्वतःचं असं काही नव्हतं. स्वतःचं लग्न त्याने हिच्यासाठीच मागे टाकलं होतं.

जानेफळचं स्थळ सांगून आलं. मुलगा शिवम, बागायत शेती, शिवाय संभाजीनगरात कंपनीत कामाला. स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला लगेच निघायचं होतं आणि कौशल्याकाकूंना फोटो त्याच दिवशी पाठवायचा होता. संध्याकाळ टळत आलेली. प्रेरणाला माझ्याकडे तयार करायला बसवलं. मी काय केलं? भुवया नीट केल्या, हलकीशी क्रीम, काजळ, बस. तिला जास्त लागतच नसे. तेवढ्यात लाईट गेली. भागवत कॅमेरा घेऊन आला. मी म्हटलं, फ्लॅश मार. "फ्लॅशनं तोंड चपटं येते, ताई." आयएसओ पार वर नेला आणि माझ्या पार्लरच्या एकुलत्या एका खिडकीपाशी तिला बसवलं. उजव्या गालावर खिडकीचा उरलासुरला उजेड, डावा गाल सावलीत. ती काहीतरी बोलून हसली आणि त्याने फोटो काढला. फोटो खरंच सुरेख होता.

त्याला आपल्या सवयीने कच्च्या फाईलवरून फोटो तयार करायचा होता. पण लाईट नव्हती आणि काकूंना धीर नव्हता. शेवटी कॅमेऱ्यातला जेपीजीच त्याने त्यांच्या मोबाइलवर पाठवला आणि काकूंनी तो पुढे. प्रेरणा स्क्रीनकडे बघून म्हणाली, "दादा, पहिल्यांदा तू मले चांगलं काढलं."

"मी नाई काढलं. कॅमेऱ्यानं पुसलं."

"मंग असाच पुसत जाय ना," म्हणाली आणि खिदळली.

स्थळ जमलं. बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलगा आला, पोहे झाले, दोघं बाजूला बसून बोलली. नंतर फोन सुरू झाले. शाळेतून येताना ती माझ्याकडे डोकावायची आणि शिवम काय म्हणाला ते सांगायची. तिला तो आवडला होता, हे मला कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. सुपारी फोडायचा दिवस काढायचा तेवढा राहिला होता.

आणि एका दुपारी शिवमचे मोठे काका उत्तमराव आणि आत्या झुंबरबाई गाडी करून आले. काकूंनी मला चहाच्या मदतीला बोलावलं. मला वाटलं, दिवस काढायला आले. चहा झाला तरी दोघांचे चेहरे उकलेनात. मग झुंबरबाईंनी मोबाइलवर तो फोटो काढला आणि आमच्यासमोर धरला.

"फोटो लय गुळगुळीत हाय. इतकं गुळगुळीत तोंड कोन्या मान्साचं असते का?"

उत्तमराव मऊ आवाजात बोलले. वाईट माणूस नव्हता तो, हेच तर जास्त लागतं. "मांगच्या साली आमच्या भावकीत एक सून आली. फोटोत एकदम साफ. घरी आल्यावर पाह्यलं तं गयावर, हनुवटीच्या खाली, कोड. फोटोवाल्यानं पुसलं होतं. आता ते घर कोर्टाच्या चकरा मारून राह्यलं. तुमच्यावर इस्वास नाई असं नाई. पन पोरीचा भाऊच फोटोवाला, म्हनून मनात आलं."

मी म्हटलं, "आत्याबाई, मी तिचं तोंड रोज पाहते. काही नाई तिच्या तोंडावर."

"तू पार्लरवाली ना?" झुंबरबाई म्हणाल्या. "तुहा तं धंदाच तो हाय."

मग त्यांनी सरळ फर्मान काढलं. "पोरीले म्हना, आमच्यासमोर साबनानं तोंड धुऊन ये."

प्रेरणा पडद्याजवळ उभी होती. तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली. शाळेत मुलांची नाकं पुसणारी पोरगी, तिला परातीतल्या भाजीसारखं धुऊन दाखवायला सांगत होते. भागवत उठला. मी त्याला कधी एवढा रागात पाहिला नव्हता.

"ती तोंड धुनार नाई. तिनं काऊन धुवाचं? फोटो मी काढला, सवाल फोटोचा हाय. चला दुकानात. माह्यापाशी कच्ची फाईल हाय. तिच्यात काहीच पुसलेलं नसते."

मला आजही वाटतं की बहिणीसाठी भाऊ जेवढं करू शकतो तेवढं त्याने त्या क्षणी केलं. तिची अब्रू झाकायला तो उभा राहिला. फक्त झाकायला त्याने नेमकी ती फाईल घेतली.

प्रेरणा सोडून आम्ही सगळे दुकानात आलो. पुढचा दरवाजा काचेचा, बाहेर स्टँडचा रस्ता. जाणारे-येणारे आत बघत होते. भागवतने फाईल उघडली. खिडकी, प्रेरणा, हसू. उत्तमरावांनी चष्मा लावला. "अंधारं हाय. तोंड नीट दिसत नाई."

भागवतने उजेड वाढवला.

"जवयून दाखव."

त्याने जवळ नेलं. डावा गाल सगळ्या स्क्रीनभर पसरला. आणि त्या गालावर, देवा, लाल-हिरवे-जांभळे चट्टे. एकाला लागून एक. सडलेल्या पानावर असतात तसे. मला माहीत होतं ते काय आहे, तरी मी एक पाऊल मागे सरकले. ज्यांना माहीत नव्हतं त्यांचं काय झालं असेल?

भागवतच्या लक्षात आलं की काय झालं, पण उशिरा. त्याची सवय झाली होती त्या ठिपक्यांची. गवळ्याला शेणाचा वास येत नाही तसे त्याला ते दिसतच नसत.

"हे काय व्हय?" उत्तमराव म्हणाले.

"नॉईज हाय, काका."

"काय हाय?"

"नॉईज. अंधाराचे ठिपके. मशीनचे असतात, तोंडाचे नसतात. हे पाहा, भितीवर बी हायेत."

"भितीले तं पोपडे आले हायेत." ते खरंच होतं, माझ्या पार्लरची भिंत तशीच आहे. उत्तमरावांनी बोट उजव्या गालाकडे नेलं. "हा गाल साफ काऊन मंग? मशीनले एकाच गालाचा राग हाय का?"

"तो उजेडात होता, काका. सावलीत जास्ती येतात."

शब्द न् शब्द खरा. पण त्या वेळी तो ऐकताना चोराने दिलेल्या सबबीसारखा वाटत होता. भागवतला घाम फुटला. त्याने शून्यावर ठेवलेला काटा घाईघाईने पुढे ओढला. चट्टे विरघळले. गाल साफ, गुळगुळीत, फोटोतल्यासारखा. "पाहा! पुसलं की गेलं. खरे डाग असते तं असे गेले असते का?"

झुंबरबाई शांतपणे म्हणाल्या, "असंच पुसलं होतं म्हंजे."

मला त्या बाईच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या. पण खरं सांगायचं तर तिच्या जागी उभं राहून पाहिलं तर दुसरं काय दिसणार होतं? फोटोवाल्याने स्वतःच्या हाताने, तिच्या डोळ्यांदेखत, डाग पुसून दाखवले होते.

तेवढ्यात पडदा सरकला. प्रेरणा आली. तोंड धुऊन. कुणी न सांगता, साबणाने घासघासून, हनुवटीवरून पाणी गळत होतं, काजळ उतरलेलं. ती आमच्या मधून चालत काचेच्या दरवाजापाशी गेली, जिथे दुपारचा लख्ख उजेड होता, आणि झुंबरबाईंकडे डावा गाल करून उभी राहिली. "पाहा."

झुंबरबाईंनी तिची हनुवटी धरली, उजेडाकडे फिरवली, अंगठ्याने गाल चोळला. काही नव्हतं. असणारच नव्हतं. मी मनात म्हटलं, सुटली पोरगी.

उत्तमरावांनी चष्मा काढला. हळूच बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "वरून साफ हाय, नाई म्हनत नाई. पन आपन आता डोयानं पाह्यलं ना. भागवत, तूच म्हनत असते ना, डोयाले दिसत नाई ते बी कॅमेऱ्याले दिसते? जानेफळपर्यंत आलं तुहं हे बोलनं. गणेशचा बाप अंधारातून काढला तू. मंग हे बी आतलंच काढलं असन तुह्या मशीननं. आज आत हाय, उद्या वर येईन."

त्यांना ती कच्ची फाईल म्हणजे दवाखान्यातला एक्सरे वाटली. कातड्याच्या आतलं दाखवणारी. भागवत नुसता "नाई काका, तसं नसते, नाई" म्हणत राहिला. आणि मला चीड येते ती याची की कोड असतं तरी तो काय पोरीचा गुन्हा होता? हा प्रश्न त्या दुकानात कुणालाच पडला नाही. सगळे डाग आहे की नाही यावरच भांडत होते. उत्तमरावांनी काकूंना हात जोडले, माफ करा म्हणाले, आणि गाडी निघून गेली. काचेबाहेर उभ्या असलेल्यांनी जे पाहायचं ते पाहून घेतलं होतं.

शिवमचा त्यानंतर एकच फोन आला. "माह्यं काही नाई, पन घरचे." हे आमच्या मुलांचं पाठ केलेलं वाक्य आहे, संभाजीनगरात कंपनीत काम करून त्यात काही फरक पडत नाही. मग त्याने तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. प्रेरणाने हे मला सांगितलं तेव्हा ती हसली नाही, रडलीही नाही. माझ्या आरशात स्वतःकडे बघत बसली.

गावात ही गोष्ट फिरली, आणि फिरता फिरता वाढली. भागवतच्या कॅमेऱ्यात त्याच्या बहिणीचा आतला रोग निघाला. भागवतने सगळ्यांना समजावून सांगायचा सपाटा लावला. अंधारात बकरीचा फोटो काढून दाखवला, बाजाराच्या पोत्याचा दाखवला, स्वतःच्या तळहाताचा दाखवला. सगळ्यांवर तेच ठिपके. लोक मान डोलवायचे, "हाव, बरोबर हाय" म्हणायचे, आणि दुकानातून उतरल्यावर एकमेकांकडे बघायचे. गोरा करून न मिळालेल्या नवरदेवाच्या बापाने तर स्टँडवर ऐकवलं, "आमच्या पोट्ट्याचं खरं दाखवत होता. आता स्वतःच्या घरचं दिसलं तं मशीन खोटी झाली."

काकू प्रेरणाला मेहकरला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाला, काही नाही, चेहरा स्वच्छ आहे. काकूंचं समाधान होईना. आलोच आहोत तर काही तरी लावायला द्या म्हणाल्या. डॉक्टरने कोरड्या कातडीचं साधं मलम लिहून दिलं. ती ट्यूब घराच्या खिडकीत राहू लागली, आणि शेजारणींनी ती पाहिली. रोग नाही तर मलम कशाला, असा सरळ हिशेब झाला. आईनेच स्वतःच्या हाताने आणून ठेवलेली, कुणाला काय म्हणणार?

एवढं सगळं प्रेरणाने सोसलं. शाळेत गेली, मुलांना शिकवलं. मला म्हणायची, "ताई, मले मालूम हाय, दादाले मालूम हाय. बाकीच्याइचं काय करायचं?" दादाला माहीत आहे, यावर ती उभी होती. नॉईज म्हणजे काय हे डोणगावात त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं, आणि तिचा चेहरा त्याच्याइतका कुणी पाहिला नव्हता.

उन्हाळ्याच्या तोंडाला भागवत म्हणाला, नवीन फोटो काढू. भर दुपारी, उन्हात. आयएसओ अगदी खाली, एकही ठिपका येणार नाही. तो दाखवला की कुणाची बोलायची हिंमत नाही. मलाही पटलं. प्रेरणा दुकानासमोर रस्त्यात उभी राहिली, डोक्यावर सूर्य, तोंडाला काहीही न लावता. त्याने फोटो काढला. आम्ही तिघं आत आलो. तो कॉम्प्युटरसमोर बसला, ती त्याच्या मागे उभी, मी बाजूला.

फाईल उघडली. इतका साफ फोटो मी त्याच्याकडे पाहिला नव्हता. गालावरची बारीक लव दिसत होती, उन्हाने आलेला घाम दिसत होता. चट्टा सोडा, एक लाल ठिपका नव्हता. मी म्हटलं, झालं, काढ प्रिंट. पण भागवतने फोटो जवळ नेला. डावा गाल. मग आणखी जवळ. उजेड वाढवला, कमी केला, परत वाढवला. डोळ्याच्या खालून सुरू करून हळूहळू हनुवटीपर्यंत आला, तिथून परत वर गेला. नाक स्क्रीनला लागायला आलं होतं. आम्ही दोघी मागे आहोत हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"काही हाय का, दादा?" प्रेरणाने विचारलं.

"नाई. काहीच नाई."

"मंग इतका टाइम काय पाहून राह्यला होता?"

भागवतने मागे वळून पाहिलं. मग घाईघाईने फोटो लहान केला. ती काही भांडली नाही, पडदा सारून आत गेली. तो फोटो त्याने कुणालाही दाखवला नाही. मी दोनदा विचारलं तर माझ्यावरच खेकसला.

पुढच्या हंगामात तिचं लोणारकडचं एक स्थळ जमलं. मुलगा साधा, कापडाच्या दुकानात कामाला, त्याने फोटो मागितलाच नाही, येऊन समोर बसला आणि हो म्हणाला. भागवतने मांडवापासून जेवणापर्यंत सगळं उभं केलं. फक्त फोटोग्राफर मेहकरहून आला. प्रेरणाने ती एकच अट घातली होती. काकूंनी लोकांना सांगितलं, भाऊ आहे, कामात राहील, कॅमेरा कसा धरणार? लोकांना पटलं. भागवत नवीन शर्ट घालून मांडवात पाहुण्यांना पाणी विचारत फिरत होता, एक खांदा खाली, बॅग नसतानाही.

तिला तयार मीच केलं. शालू, फुलं, मुंडावळ्या, सगळं झालं. चेहरा माझ्या हाताखालून इतका सुरेख कधी गेला नसेल. बाहेर वाजंत्री सुरू झाली, मला घाई होती, मी ब्रश ठेवला. तिने तो उचलून परत माझ्या हातात दिला.

"ताई, डाव्या गालाले अजून जरा लावा."

मला राग आला. लग्नाच्या दिवशीही तेच? "काऊन वं? तिथं काही नाई. तुले मालूम नाई का?"

"मले मालूम हाय, ताई," ती म्हणाली. "पन ष्टेजवर दादा बाजूले उभा राहीन ना."

मी लावलं.